राक्षस आधी आडवा चालेल

प्रिय ताई,

आपला मोबाईलवरचा खेळ बाजारात आणणारे पुण्याचे ते साहेब उद्या दुपारपर्यंत उत्तर मागतायत, आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नाही. चहा ठेवतो, विसरतो, परत ठेवतो. शेवटी म्हटलं, ज्या बाईनं हा राक्षस जन्माला घातला तिलाच विचारावं. तू गेलीस म्हणून काय झालं? राक्षसाच्या चालीवरचं आपलं भांडण अर्धवटच टाकून गेलीस ना?

त्यांचं म्हणणं असं, की राक्षसाचं चालणं बदला. अधूनमधून त्यानं मनाला येईल तिकडं पाऊल टाकावं. कुठून येईल ते कळलंच नाही तर लोक हरतील, चिडतील आणि परत खेळतील. नाही म्हटलं तर खेळ त्यांच्याकडून निघणार नाही. यासाठी मी नोकरी सोडली, हे तुला सांगायला नको. तूच तर सोडायला लावलीस!

आठवतं, अमडापूरच्या तुझ्या अंगणात आपण खडूनं चौकटी आखायचो? मी चिंचोका, तू राक्षस. मी एक घर चालायचो, मग तू एक घर; तू गाठायच्या आत दाराच्या घरात पोचलो की मी सुटलो. राक्षस व्हायची हौस किती तुला! साडी खोचून, गाल फुगवून यायचीस. शाळेत गणित शिकवणारी बाई तू, पण शेजारच्या काकू हसून हसून भिंतीला टेकायच्या.

मी एकदा म्हटलं होतं, दोन्हीकडून अंतर सारखं असलं तर राक्षसानं कुठंही जावं, काय बिघडतं? तू खडू फेकून मारलास. "काऊन बे? मनाले येईन तिकडं जाईन तो? राक्षसानं खाल्लं तं खाऊ दे, पण कुठून येऊन राह्यला ते त्या बिचाऱ्याले आधी दिसलं पाहिजे!"

आणि मग तुला बाबांची रोडग्यांची पंगत आठवली. शेतात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी उतरली, की बाबा वाढायला निघत. आधी ओळ आडवी संपवायची, मगच खालच्या ओळीला वळायचं. मधेच कोणी मोठा माणूस बसलेला असला तरी बाबा उडी मारत नसत. म्हणून कोणी ताट घेऊन उठत नसे. आपल्यापर्यंत वाढप कधी येणार, हे शेवटच्या पोरालाही दिसायचं. "बस," तू म्हणालीस, "आपला राक्षस असाच चालीन. आधी आडवा, मंग उभा. वाट अडली तं उभा राहीन जागच्या जागी."

इतका सरळ राक्षस केलास गं. आणि तुझ्या वेळी काय झालं?

तुझा नंबर होता का? पंगतीत तू कितीतरी लांब बसली होतीस! आधी आजी होती, आई होती. सकाळी शाळेत गेलीस, डोकं दुखतंय एवढंच म्हणालीस, आणि दुपारी भाऊजींचा फोन. कुठून आला तो राक्षस? आडवा की उभा? मी अजून चौकटी मोजतो आणि मला त्याची चाल सापडत नाही. राग येतो ताई. तुझाही येतो. एवढे नियम करून ठेवलेस आणि स्वतः मात्र न सांगता उठून गेलीस.

म्हणूनच की काय, परवा साहेबांचं म्हणणं मला जरासं पटलं. म्हटलं, खरं जग असंच तर आहे. केला बदल, आणि पाहायला म्हणून भाऊजींच्या फोनमध्ये टाकला.

तू असताना भाऊजींनी कधी खेळ उघडला नाही. "ते तुमचं बहीणभावाचं," म्हणायचे आणि दुकानात ट्रॅक्टरचे पार्ट मोजत बसायचे. आता रोज खेळतात, फक्त तो तू केलेला विहिरीचा डाव. मला वाटायचं, त्यांना जमत नाहीये.

काल ते दुकान उघडं टाकून माझ्याकडे बुलढाण्याला आले. फोन पुढे धरला. "याले काय केलं तू? हा मले खाऊन राह्यला."

मी म्हटलं, "भाऊजी, त्या डावात दार डाव्या हाताला आहे. सरळ निघून जायचं."

"दार कुठी हाये ते मले ठावं हाये," ते म्हणाले. मग मी जुना राक्षस परत टाकून दिला आणि ते खेळायला बसले. विहिरीच्या या बाजूला ते, त्या बाजूला तो. भाऊजी एक घर उजवीकडे सरकले, तोही सरकला. भाऊजी परत मधे, तोही मधे. मधे विहीर, त्यामुळे त्याला खाली येता येईना. साहेबांनी याच डावावर बोट ठेवलं होतं, की इथे माणूस जन्मभर खेळत बसेल, ही चूक आहे.

"संपवत काऊन नाही?" मी विचारलं.

भाऊजींनी वर पाहिलं नाही. "आंगणात राक्षस तीच होत होती ना? मंग मी कायले दाराकडं जाऊ?"

ताई, मी आत जाऊन पाणी पिऊन आलो. बाहेर आलो तरी ते सरकतच होते.

आता लिहिता लिहिता ठरलं बघ. साहेबांना नकार कळवतो. खेळ कुठं जायचा तिकडं जाईल, नाहीतर आपल्याच घरात राहील. पोटाचं बघू काहीतरी, तू काळजी करू नको. पण शब्द देतो तुला, तुझा राक्षस कधी कोणाला न सांगता येणार नाही. आधी आडवाच चालेल. आणि विहिरीपलीकडे उभं राहून, भाऊजी सरकले की सरकेल, त्यांना दाराकडं जावंसं वाटेपर्यंत.

तुझा चिंचोका,
नित्या