नावाडी थांबत होता, त्यात कुणाचे काय बिघडत होते?

मंगळवार, ११ मार्च २०२५ रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या दिवाणखान्यात जो अन्याय घडला, त्याच्यामुळे मी हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. तब्येतीचा काही संबंध नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी करून घेतली आहे. रक्तदाब मात्र जास्त निघाला, त्याचे कारण कलम तीनमध्ये सापडेल. मी अविवाहित, निवृत्त, जुन्या तैलचित्रांची दुरुस्ती करण्यात उभा जन्म घालवलेली बाई आहे. याआधी केलेली मृत्युपत्रे गुळमुळीत होती, ती रद्द समजावीत. हे लिहिताना माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. असता, तर मी मुद्दाम उलटे लिहिले असते.

कलम १. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणते, तिचे यजमान गेल्यापासून माझ्याजवळ राहते. ती हयात असेपर्यंत घर तिचेच. तिची खिडकीजवळची खुर्ची कुणी हलवू नये, आणि “आता तुम्हाला एवढी जागा कशाला?” असे विचारणाऱ्याला तिने दार दाखवावे. ताईच्या पश्चात घर तिच्या एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला मिळेल. पण एका अटीवर, ती शेवटी सांगते. घरात त्याला सगळे घुम्या म्हणतात, कारण लहानपणी तो दहा प्रश्नांना एक उत्तर द्यायचा. आता तो व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि एका प्रश्नाची दहा उत्तरे देतो.

कलम २. बँकेतल्या ठेवी ताईच्या औषधांसाठी आणि तिची वेणीफणी करायला येणाऱ्या बाईंच्या पगारासाठी आहेत. माझे ब्रश, बारीक चाकू आणि डोक्याला बांधायचे भिंग आमच्या जुन्या कार्यशाळेला द्यावे. आमच्या माजी विभागप्रमुखांना माझ्याकडची वाळून दगड झालेली वार्निशची बाटली द्यावी. एका जुन्या चित्रातल्या बाईचे गाल “जरा गुलाबी करा, लोकांना आवडतं,” असे ते मला म्हणाले होते. मी नकार दिला, म्हणून माझी बढती अडली. त्यांना मी माफ केलेले नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मदर सुपीरियर सांगत, राग आला की शंभरपर्यंत मोजा. मी मोजले. शंभर संपले, राग संपला नाही.

कलम ३. टीव्हीला जोडलेला गेमचा डबा, त्याचे दोन्ही रिमोट आणि त्यातला खेळ, ही जंगम मालमत्ता ताईची. मालमत्ता म्हणताना मला लाज वाटते, कारण आत आता जे आहे ते आमचे नाही.

ताईला कंपवात आहे. हात थरथरतात. चहाचा कप ती अर्धाच भरून घेते, ब्लाउजची बटणे स्वतः लावणे तिने कधीच सोडून दिले. पण रोज दुपारी ती एक खेळ खेळायची. त्यात एक म्हातारी बेटाबेटांवर बकऱ्या पोचवते. काठावर नावाडी उभा असतो. म्हातारीने बकरी नावेत चढवायची, मग नाव निघते. ताईचा अंगठा भलत्याच बटणावर जायचा, बकरी पाण्यात शिरायची, पुन्हा काठावर यायची, ताई हसून म्हणायची, “अगं बये, अंघोळ झाली का तुझी?” तोवर नावाडी थांबलेला असायचा. तास लागला तरी तो हलायचा नाही. या घरात ताईसाठी एवढ्या शांतपणे थांबणारे दुसरे कुणीही नव्हते. मीही नव्हते.

खेळ सहा वर्षांपूर्वीचा. सहा वर्षांत माझ्या चपलाही झिजत नाहीत. तरी घुम्याच्या कंपनीने तोच खेळ पुन्हा नव्याने केला आणि जुना दुकानातून काढून टाकला. ज्यांच्याकडे जुना होता त्यांना नवा फुकट. त्या मंगळवारी पडद्यावर विचारणा आली, नवीन आवृत्ती घ्यायची का? मी म्हटले, “कशाला? चाललंय ते काय वाईट आहे?” ताई म्हणाली, “अगं, घुम्यानं केलंय ते. आईच नको म्हणाली तर काय वाटेल त्याला?” आणि मोठ्या कौतुकाने तिने होकाराचे बटण दाबले. तेही दोनदा चुकून तिसऱ्यांदा लागले.

जुना खेळ पुसला गेला, त्याच्या जागी नवा आला. त्यात पाणी सुंदर आहे. नावाडी मात्र तीनदा “चला, चला” म्हणतो आणि निघून जातो. बकरी काठावर ओरडत राहते. ताईने अंधार पडेपर्यंत प्रयत्न केला, मग रिमोट टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, “माझं फार वाढलंय गं.” मी समजावले की हात कालच्यासारखेच आहेत. तिला पटले नाही. त्या दिवसापासून तिने रिमोटच काय, चमचाही धरायचा सोडला आहे. वेणीफणीच्या बाई तिला भरवतात आणि ती निमूट तोंड उघडते.

मी भाच्याला फोन केला.

“मावशी, आवडला का? बकरीचा केसन् केस हलतो आता!”

“हे नव्यानं करायची गरज काय होती?”

“लोकांचीच मागणी होती गं.”

“कुठल्या लोकांची? नाव-पत्ता सांग.”

“तू पण ना! अगं, जुन्यात चुका होत्या. नावाडी निघायचाच नाही, माहितीये? सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी शोधली ती चूक.”

मी तिथेच फोन ठेवला, कारण ताईने शपथ घातली होती: “फोनवर त्याला काही सांगायचं नाही. त्याला वाटेल, आई कामात खोट काढते.” शपथ फोनपुरती होती. मृत्युपत्राबद्दल ती काहीच बोलली नव्हती.

कलम ४. माझे मत नोंदवून ठेवते. यंत्र बदलले, जुना खेळ कशावरच चालेना, तर तो नव्याने घडवा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण धडधाकट, लोक रोज खेळताहेत असा खेळ उचलायचा, त्याला रंगरंगोटी करून पुन्हा विकायचा आणि मूळ नाहीसा करायचा, याला सुधारणा म्हणत नाहीत. नवे सुचत नसेल तर सुट्टी घ्यावी. आमच्या कार्यशाळेत नियम होता: चित्रावर आपण जे लावू ते उद्या पुसून काढता आले पाहिजे आणि खाली मूळ रंग शाबूत राहिला पाहिजे. आपण चुकलो असू, हे गृहीत धरूनच हात लावायचा. घुम्याने ज्याला चूक ठरवले, त्याच्या आधारावर त्याची आई दिवस काढत होती. त्याने विचारले नाही. विचारायची पद्धतच त्यांच्याकडे नसावी.

कलम ५. अट. जुना खेळ ताईच्या डब्यात पूर्वीसारखा चालू करून द्यावा. तसे न झाल्यास ताईच्या पश्चात हे घर कार्यशाळेला जाईल आणि भाच्याला बकरीचा एक केस मिळेल, हलता.

हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून ठेवणार नाही. मेल्यावर भांडता येत नाही. म्हणून एक प्रत आजच भाच्याला पाठवते आहे.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल. ताई शेजारच्या खोलीत झोपली आहे.
दिनांक: २४ मार्च २०२५

सही: मावशी (कागदोपत्री नावाने केलेली सही खाली आहेच)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. (“सही करते, पण तुम्ही मीठ कमी करा.”)
२. समोरचे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांनी सगळे दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि सही केली.

भाच्यास: घुम्या, माझ्याशी वाद घालू नकोस आणि फोन करू नकोस. खेळ परत आणायला वेळ लागत असेल तर लागू दे, तुझ्या वरिष्ठांशी भांडावे लागत असेल तर भांड. पण एक कागद आधी हवा. तो माझ्या नावाने नको, आईच्या नावाने लिही. स्वतःच्या हाताने, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिही की आई, तुझे हात बिघडलेले नाहीत, नावाडी मी बदलला. माझे तिला पटत नाही, तुझे पटेल. हे लेखी उत्तर मंगळवार, १५ एप्रिल २०२५, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत या घरी पोचले पाहिजे.