मागची डावी बाजू

३ फेब्रुवारी
आज गाडीत एअर सस्पेन्शन बसवलं. म्हणजे बसवायला घेतलं. मागच्या दोन स्प्रिंगांच्या जागी दोन रबरी फुगे, फुग्यांत हवा, आणि हवेवर आमची ही. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला धक्के बसता कामा नयेत असं बजावलंय. आणि हिला जायचंय अक्काकडे. हिची थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेली. रस्ता पाच तासांचा, त्यात शेवटचा दीड तास नुसते खड्डे. जावई म्हणाला, माझ्या गाडीतून नेतो. त्याची गाडी म्हणजे लाकडी पाट. नको म्हटलं. ही म्हणाली, मी दोन उश्या घेऊन बसेन. हिला सस्पेन्शन कळत नाही.
संकल्प : रविवारी, ९ तारखेला, सकाळी सहाला निघायचं.

५ फेब्रुवारी
फिटिंगच्या दुकानात गेलो. हवेची नळी जिथे जिथे जोडायची तिथे सांधा लागतो. नळी नुसती दाबून आत ढकलायची, तसले चार सांधे दुकानदाराने दिले. वर म्हणाला, काका, नळी कापायचा कटरही न्या, काप सरळ आला पाहिजे. मला हसू आलं. बत्तीस वर्षं बस चालवली, निम्मी दुरुस्ती बघून बघून शिकलो. घरी हिचा भाजीचा चाकू आहे की.

६ फेब्रुवारी, सकाळी
काल संध्याकाळी गाडी झकास उभी होती. आज मागची डावी बाजू बसलेली. चाक आणि पत्रा यांत चार बोटं अंतर होतं, एक उरलंय. थंडीने हवा आकसते.
ही खिडकीतून म्हणाली, अहो, मागून सूं सूं येतंय. गाडीखाली आडवा झालो, कान लावला. काही नाही. बसच्या ब्रेकची गळती मी इंजिन चालू असताना ओळखायचो. हिला पाखरांचा आवाज आला असेल.

८ फेब्रुवारी
तिच्या समाधानासाठी साबणाचं पाणी लावलं. पहिल्या सांध्यावर काही नाही. बाकी तिन्हींवर बुडबुडे. माल खराब. उद्याचं रद्द.
अक्काला फोन करून पुढचा रविवार सांगितला. म्हणाली, कशीही या, पण या. आजारी माणसाला घाई असतेच.

११ फेब्रुवारी
दुकानदाराला चांगलं सुनावलं. त्याने सांधा हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, काका, नळी कशाने कापता? मी विषय बदलला. या वेळी नट आवळून बसवायचे पितळी सांधे घेतले, तीन. आमच्या काळात हेच असायचे.

१५ फेब्रुवारी
नट असा आवळला की सांधाच तडकला. हल्ली पितळ म्हणून काय विकतील नेम नाही. उद्याचा रविवारही गेला.
ही म्हणते, चाकूला प्लास्टिकचा वास येतोय, भाजीत उतरतो. सगळा दोष मलाच.
संकल्प : २३ तारीख. आता बदल नाही.

१८ फेब्रुवारी
अक्का आता बोलत नाही. भाचा फोन तिच्या तोंडाशी धरतो आणि ही अर्धा अर्धा तास कानाला लावून बसते. म्हणाली, श्वास ऐकू येतो. मीही फोन घेतला. मला काहीच ऐकू आलं नाही. लाईन खराब आहे म्हटलं. हिने हळूच फोन परत घेतला.
संध्याकाळी जावई आला. बाबा, उद्याच निघू या, म्हणाला. मी म्हटलं, चार दिवस थांब, काम नव्याण्णव टक्के झालंय. ही माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत होती. मग जावयाला म्हणाली, राहू दे. यांनी एवढं केलंय.
बघा. शेवटी तिलाही पटलं.

२१ फेब्रुवारी
तडकलेला सांधा बदलला. आता फक्त दोन गळतात, तेही किंचित. वाटेत थांबून थांबून हवा भरता येईल.
गाडी धुतली. मागच्या सीटवर हिची शाल घडी करून ठेवली.

२२ फेब्रुवारी, सकाळी ५.४०
भाच्याचा फोन आला. अक्का गेली.

२४ फेब्रुवारी
परत आलो. जावयाच्या गाडीने गेलो होतो. ही मागे, दोन उश्यांवर. मी पुढे. शेवटच्या दीड तासासाठी दांडा घट्ट धरून बसलो होतो. खड्डे नव्हतेच. रस्ता कधीच नवा झालाय.
पाठ दुखली का, विचारलं. म्हणाली, थोडी. उतरून स्वतःच्या पायांनी आत गेली. भाचा सांगत होता, शेवटचे दोन दिवस गाडी थांबल्याचा आवाज झाला की अक्का दाराकडे बघायची.
भाच्याने हे मला सांगायला नको होतं. हिला सांगितलं नाही. तिने ऐकलं असणारच. तिचे कान चांगले आहेत.

२६ फेब्रुवारी
दुकानात जाऊन कटर आणला. दुकानदाराने माझा जुना तुकडा समोर धरून दाखवला. तोंड तिरकं आणि चेपलेलं. म्हणाला, काका, असा काप कुठल्याच सांध्यात नीट बसणार नाही. फिटिंगचा दोष नव्हता.
तीन सांध्यांच्या नळ्या नव्याने कापल्या, सरळ. पहिल्या दिवशीचा, चाकूच्याच कापाचा तो एक चांगला बसलाय, म्हणून तसाच ठेवला.
ही खिडकीत उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मीच विचारलं, काही ऐकू येतंय का गं? तिने बराच वेळ कान दिला. म्हणाली, नाही हो. एकदम शांत आहे. आत या आता, चहा ठेवते.
जमलं म्हणायचं.

२७ फेब्रुवारी, सकाळी
मागची डावी बाजू बसलेली. एकच बोट उरलंय.