आखाजीपर्यंत तीन वेल

जळगाव, १४ मार्च १९३५, गुरुवार

धुळ्याहून व्याह्यांचे पत्र. (यापुढे नुसते 'व्या.'. पूर्ण लिहिण्याइतकी शाई त्यांच्यावर खर्च करणे नाही.) अक्षर सुरेख, मजकूर नासका. आखाजीला येतात. अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण, आणि सासरेबुवा येणार! सोबत समाजाचे दोन पंच. पंचांपुढे मांडायचे ते एवढेच: इंदूच्या पायाने त्यांचा पानमळा बसला, सबब मुलाचे दुसरे लग्न करण्यास हरकत नसावी.

इंदूला वाचून दाखवले. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "मला तिकडे जायचं नाही, नाना. त्यांना दहा लग्नं करू द्या. पण वेल मी मारले असं पंचांनी म्हणायचं नाही."

आणि एक खडा बाजूला काढला.

१५ मार्च

झोप नाही. एकदा लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

गेल्या आखाजीला इंदू आली ती ओल्या फडक्यात नागवेलीच्या नऊ कांड्या घेऊन. "जिवंत होत्या तेवढ्या आणल्या." व्या.च्या मळ्यात पाणी तुंबले, मुळे कुजली. पण पानमळ्यात चप्पल चालत नाही, अडचणीतली बाई चालत नाही. तुंबलेले पाणी चालते. ठपका सुनेवर. विटाळात आत गेली असणार. तीन दिवस भर उन्हात मळ्याच्या तोंडाशी हात जोडून उभी केली पोरीला, वेलांची क्षमा मागायला. हे आम्हाला कळायला दोन महिने लागले. तेही आईच्या मांडीवर डोके ठेवून, अर्धे अर्धे.

आणि मी काय केले? माझ्या साप्ताहिकात लेख लिहिला. अडीच रकाने. नाव न घेता व्या.ला सोलून काढले. धुळ्यात शेंबड्या पोरालाही कळले कोण ते. वाचकांची शाबासकीची पत्रे आली. जावई अधूनमधून इंदूला चार ओळी लिहीत, ते पत्र मात्र त्यानंतर आले नाही. इंदूने लेख वाचला, घडी केली, म्हणाली, "छान लिहिलंय."

नऊपैकी सहा कांड्या गेल्याच उन्हाळ्यात जळाल्या. तीन उरल्या. विहिरीजवळच्या शेवग्यावर चढल्या, हिवाळाभर मजेत. आता पुन्हा ऊन. आखाजी ५ मेला. तोवर हे तीन वेल जगले पाहिजेत. मेले तर व्या.ला बोलायचीसुद्धा गरज नाही.

१६ मार्च

शेतकी मासिकात एका साहेबाच्या बागेतले चित्र आहे. लाकडी कमानींचे काचघर, आत झाडे. असे वेलांभोवतीच उभे करायचे ठरवले. भिका मिस्तरीला बोलावले. हा गाडीची चाके करतो. गोल कामात त्याचा हात धरणारा नाही. चित्र उलटसुलट पाहून म्हणाला,

"काच? नाना, पानं भुंजीसन खावानी शेतस का?"

साहेबाच्या देशात ऊन आत ठेवायला घर बांधतात. आपल्याला बाहेर ठेवायला. काचेत पाने भाजूनच निघतील, म्हणजे काच रद्द. वर पऱ्हाटीचे, कपाशीच्या काटक्यांचे तट्टे, पश्चिमेला वाळ्याचे पडदे, ते भिजवत राहायचे. इंदू म्हणाली, "उजेड गाळून हवा. वारा नको. अंगाला ओल हवी, पायात पाणी नको." वेलाबद्दल बोलताना ही पोरगी माझ्यासारखी बोलते, ठासून. एरवी नाही.

१८ मार्च

मला वाटले होते भिका लाकूड उकळून वाकवील. तो फांद्या घेऊन आला. बाभळीच्या, उपजत वाकड्या. "लाकूड वाकाडानं नही. वाकेल लाकूड दखानं." प्रत्येक फांदी उभी चिरायची. दोन फाका, एकीचा बाक दुसरीसारखाच. तोंडाला तोंड लावून वर खुंटी मारली की कमान. सात फांद्या, सात कमानी. खिळा एक नाही. मी वीस वर्षे वाकड्या माणसांवर लिहितो, त्यांचा असा उपयोग सुचला नाही.

२० मार्च

काल होळी. अंगणातले लाकूड होळीला आपोआप चालू लागते हे मला ठाऊक होते, तरी फांद्या बाहेर! सकाळी मोजल्या तर सहा. गल्लीच्या होळीत माझी एक कमान धडधडली, आणि मी तिलाच नारळ वाहून नमस्कार करून आलो. उरलेल्या माजघरात. सौ. म्हणते, "माणसांना जागा नाही, बाभळी आणल्या घरात."

भिका सातवी शोधायला गिरणेच्या काठाने गेला आहे.

२८ मार्च

सातवी मिळाली. चिरून सगळ्या सावलीत ठेवल्या आहेत. रोज विचारतो, वाळले का. भिका बिडी विझवतो, लाकडावर नख ओढतो, पुन्हा बिडी पेटवतो. "तुमले घाई शे, लाकूडले नही."

वेलांच्या वरच्या पानांच्या कडा करपू लागल्या. शेवग्याला धोतर बांधले आहे, माझे. चांगले होते.

४ एप्रिल, पाडवा

गुढीबरोबर पहिली कमान उभी. शेजारच्या अक्का कुंपणावरून, "मांडव कुणाचा हो?"

म्हटले, "वेलांचा."

"मला वाटलं इंदूचं पुन्हा..." आणि जीभ चावली. अक्कांच्या जिभेला माझी उपमा देणार होतो, राहू दे. माझ्याइतकी महाग पडलेली नाही ती कुणाला.

९ एप्रिल

सातही उभ्या. भिका मधल्या कमानीला दोन्ही हातांनी लोंबकळला, साठीतला माणूस, पाय वर घेऊन. हलली नाही. "बैल बांधा."

तट्टे इंदूने आणि सौ.ने विणले. बोटे फाटली दोघींची. दाराशी नियम इंदूचा: चप्पल बाहेर.

१७ एप्रिल

झळा. बारानंतर रस्त्यावर कुत्रे नाही. कमानघरात अनवाणी शिरलो तर कानांना गार लागले. वाळ्याचा वास. मधल्या वेलाला तीन नवी पाने, इंदूने मोजून दाखवली. एवढे मोठे डोळे तिने लग्नानंतर पहिल्यांदा केले.

व्या.चे कार्ड: ठरल्याप्रमाणे येत आहोत, चाळीसगावला गाडी बदलून सकाळी पोचू.

२१ एप्रिल

घरात युद्ध. इंदू अडचणीत असताना पडदे भिजवायला आत निघाली. सौ. दारात आडवी.

"अगं, निदान चार दिवस तरी!"

"चार दिवस पाणी कोण मारणार? मरतील."

"नाना मारतील."

"त्यांनी पाणी मारलेलं मी पाहिलंय." (हा टोला मला. खरा आहे.) "आई, वेल दिवस मोजत नाही."

गेली आत. सौ. देवापुढे जाऊन बसली. मी कुणाच्याच बाजूने बोललो नाही. म्हणजे काय ते कळायला पंच नकोत.

२३ एप्रिल

भीती बसली आहे. सौ.ला वाटते विटाळाची. मला उन्हाची, असे मी म्हणतो. दुपारी इंदू पडली की दोन घागरी मुळाशी घालतो. मधल्या वेलाला, तो सर्वांत जोरात आहे, पंचांना तोच दाखवायचा. कुणाला सांगितलेले नाही. पाणी काय, पाण्याने कुणाचे वाईट झाले आहे!

२७ एप्रिल

मधला पिवळा पडतो आहे. खालून. पाणी वाढवले, तीन घागरी.

२९ एप्रिल

पाने पिवळी होऊन गळतात. सौ. इंदूकडे बघत नाही, आणि बघत नाही हे सर्वांना दिसते.

संध्याकाळी इंदू दाराबाहेर उभी. आत जाईना. "नाना, तुम्ही पडदे भिजवा."

"का ग?"

"नको. कदाचित... असेलही."

"काय असेल?"

"माझ्या पायात."

वर्षभर जे व्या.ला साधले नाही ते आठ दिवसांत इथे साधले.

३० एप्रिल

भिका एक खुंटी ठोकायला आला होता. मधल्या कमानीच्या बुडाशी बसला, माती चिमटीत घेतली, हुंगली.

"नाना, कमानना पाय ओला शे. रोज कोन पानी टाकस?"

त्याने माझ्या धोतराच्या ओल्या काठाकडे पाहिले आणि हत्यारे गोळा केली. जाताना एवढेच, "लाकूड बाभूळनं शे, ते सोसी. वेल नही सोसाव."

मुळाशी उकरून पाहिले. काळे. वास.

अडीच रकाने हसलो होतो मी यावर. "ज्यांना पाणी आणि पाप यांतला फरक कळत नाही..." असे काहीसे वाक्य होते. फार नावाजले गेले.

२ मे

सांगितले नाही. जेवताना दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा घास घातला.

मधला गेला. कडेचे दोन ठीक आहेत. तिकडे मी पाणी घातले नव्हते.

४ मे

सांगितले. सकाळी, ती दाराबाहेर उभी असतानाच. "इंदू, पाणी मी घातलं. मधल्याला."

तिने मधल्या कमानीकडे पाहिले.

"किती?"

"दोन घागरी. मग तीन."

"कधीपासून?"

"तेवीस तारखेपासून."

मला वाटले रडेल, ओरडेल. चप्पल काढून आत गेली. मेलेला वेल मुळासकट उपटून घेऊन बाहेर आली, ती मुळे माझ्यासमोर धरली. "त्यांच्या मळ्यातली अशीच होती. अगदी अशीच." मग म्हणाली, "हे उद्या त्यांच्यापुढे सांगाल?"

व्या.पुढे! ज्याला मी चारचौघांत गाढव ठरवले, त्याच्यापुढे मी त्याच जातीचे गाढव आहे म्हणून उभे राहायचे.

म्हटले, "बघू."

"बघू नका, नाना. सांगा."

५ मे, रविवार, आखाजी

सविस्तर लिहितो.

सकाळी गल्लीतल्या माहेरवाशिणी झोक्याला जागा शोधत आल्या. यंदा अक्कांच्या निंबाची फांदी तुटली आहे. इंदू म्हणाली, "आमच्या कमानीला बांधा." दोर तिनेच टाकला, दाराच्या कमानीवरून. मी हां हां करेपर्यंत दोन जणी बसल्यासुद्धा. कमान कुरकुरली नाही. गाणी सुरू. अशा गोंधळात व्या. आणि दोन पंच दारात. जावई नाहीत. पंचांपैकी थोरले साक्रीकडचे आबा, सत्तरीचे. दुसरे मान हलवण्यापुरते.

गूळपाणी झाले. व्या.ने मधल्या रिकाम्या कमानीकडे काठी केली. "इथला कुठं आहे? तीन जगलेत असं धुळ्यापर्यंत ऐकू आलं होतं. आबा, बघा. आता मी काय बोलू?"

इंदू झोक्याच्या दोराला धरून उभी. माझ्याकडे पाहत होती. गाणी थांबली होती.

म्हणालो, "तो मी मारला. रोज पाणी ओतून. मुळं कुजली. पोरीचा संबंध नाही."

व्या. हसला. हसणारच. "संपादकसाहेब! यावर लेख येऊ द्या आता!"

"येईल. नाव घालून. माझं." इथे थांबायला हवे होते. "तुमच्या मळ्यात पाणी कुणी तुंबवलं तेवढं सांगा, म्हणजे एकाच अंकात दोघांची..."

"नाना, पुरे."

इंदू. एवढ्या लोकांत मला कुणी गप्प बसवलेले नाही, आणि मी बसलोही. तिने उपटलेला वेल आणून आबांपुढे ठेवला, मुळे वर करून. "आबा, तुम्ही त्यांच्या मळ्यातली मुळं पाहिली होती. ही बघा."

आबांनी चष्मा लावला. पाहिले. हुंगले. व्या.कडे पाहिले. व्या. काठीने माती उकरत होता.

मग इंदू आत गेली, अनवाणी, आणि कडेच्या वेलाचे एक पान खुडून आणले. पुसले. आबांपुढे धरले. सुपारी नाही, चुना नाही, नुसते पान.

"पोरी, हाई पान कोन्ता वेलनं शे?"

"त्यांच्याच मळ्याचा. माझ्या हातचा."

खाल्ले तर तिच्या हातात आणि पायात दोष नाही. नाकारले तर आहे. अंगणात सगळ्यांना कळत होते, झोक्यावरच्या पोरींनासुद्धा. व्या. म्हणाला, "आबा, विचार करा."

आबांनी पान घेतले. तोंडाकडे नेले नाही. उपरण्याच्या टोकाला बांधले. म्हणाले, "धुळे जाईसन, बठ्ठा बसतीन, मंग दखू." म्हणजे सगळे पंच बसेपर्यंत निकाल नाही.

इंदूने तांब्यातले पाणी उपरण्याच्या गाठीवर शिंपडले. "ओलं ठेवा, आबा. या उन्हात नाहीतर चाळीसगावलाच वाळेल."

आबांनी तिच्याकडे बघितले आणि गाठ मुठीत धरली. गेले तिघे.

७ मे

धुळ्याहून काही नाही. ओले ठेवले तर पान तीन दिवस टिकते, इंदू म्हणते. वाळ्याच्या वाऱ्यात ठेवले तर चारही.

लेख लिहिला. माझ्या नावाने, माझ्या घागरींवर. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यात व्याह्यांचं नाव कुठंच नाही?" नाही. पहिल्यांदाच जमले. सौ. मग उठून कमानघराकडे गेली, दाराशी चप्पल काढली. दोघी मिळून आत होत्या. काय बोलल्या ठाऊक नाही.

झोका अजून दाराच्या कमानीला आहे. कुणी सोडला नाही.

संध्याकाळी इंदूने एक तांब्या माझ्या हातात दिला. "उजव्या वेलाला. एवढंच."

घातले. ती दाराशी उभी राहून बघत होती. तांब्या रिकामा झाला तरी मी वाकूनच होतो. विचारले, "आबा खातील का ग?"

"मुठीत धरलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "टाकायचं पान कुणी मुठीत धरत नाही."