शिऱ्याला नाही म्हणण्याचे तीन महिने

१४ जुलै, सोमवार
रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.२. मला वाटलं, म्हणजे फर्स्ट क्लास. डॉक्टर भार्गवीला तसं वाटलं नाही. ही दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. मी पुढे पाठशाळा अर्धी सोडली, आयटीआय अर्धं सोडलं, दोन वर्षं नुसताच फिरलो. आता बाबांचे यजमान सांभाळतो. शुगरमुळे गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा काढला, त्यांना मांडी घालून बसवत नाही. म्हणून राहुरीपासून राहात्यापर्यंतच्या पूजा मीच सांगतो.
भार्गवी म्हणाली, अजून डायबेटिस नाही, पण दारात आलास. इन्सुलिन म्हणजे साखर घेऊन पेशींची बेल वाजवणारा माणूस. दिवसभर बेल वाजत राहिली की घरातले उठेनासे होतात. मग शरीर आणखी माणसं पाठवतं. एक दिवस माणसंच कमी पडतात. एकदम पटलं. वर्गणीवाल्यांना मीही दार उघडत नाही.
गोड बंद, जेवणानंतर चालायचं, पोट कमी करायचं, वेळेवर झोपायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तपासणीचं ती आणखी काही सांगत होती, पण तिच्या टेबलावरच्या पेटीत एक मासा उलटा पोहत होता. तो बघण्यात राहून गेलं.
तीन महिने म्हणजे काहीच नाही.

१४ जुलै, रात्री
कॅलेंडर पाहिलं. श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. वर्षातले नेमके तेवढेच तीन महिने!

१५ जुलै
चालायला सुरुवात. जेवल्यावर निघालो. वाटेत भीमा भेटला, मुळा धरणाचं पाणी बघायला चालला होता. त्याच्या गाडीवर बसलो. पाणी चांगलं आहे. भजीही.

२३ जुलै
मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप घेतलं. आज ९,१४०! चाललो मात्र नाही, राहात्याला बाईकवर जाऊन आलो. रस्ता तसा आहे. शरीर हललं तर खरंच ना, मग पावलं कुणाची हे विचारायचं कशाला.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार
सत्यनारायणाच्या पूजा दोन. ठरवून गेलो होतो की शिऱ्याला नाही म्हणायचं. पहिल्या घरी जमलं. म्हणजे, पुडी बांधून घेतली. दुसऱ्या घरी पोचेपर्यंत पुडी संपली होती. तूप बाहेर येऊन सोवळं खराब झालं असतं.

३ ऑगस्ट
बन्सी पेरूवाल्याकडे पूजा. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप, वर केळी. म्हणालो, मला नको, शुगर आहे. बन्सी म्हणाला, गुरुजी, मगाशी परसाद टाकणाऱ्याचं काय वाटोळं हुतं ते तुमीच वाचलं न्हवं? आन आता तुमीच टाकताय व्हय? त्याची म्हातारी म्हणाली, शुगर बिगर काय न्हाई हुत, परसादाची साखर लागत नसती.
यावर भार्गवीकडे काय उत्तर आहे?
वाटीभर. नंतर आणखी वाटीभर, कारण म्हातारीचा हात सढळ.

१२ ऑगस्ट, अंगारकी
मोबाईलवर एकजण सांगत होता, मधूनमधून पोटाला सुट्टी द्या, इन्सुलिनला आराम मिळतो. हे तर आमच्याकडे हजार वर्षांपासून आहे! आजपासून कडक उपवास. साबुदाण्याची खिचडी (दोनदा), बटाट्याचा कीस, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. दुपारी इतकी सुस्ती आली की चालायला उठवेना. पोटाच्या सुट्टीचा परिणाम असावा.
निवेदिताताईचा नगरहून फोन. ती शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, अरे गाढवा, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ गोळ्या, पोटात जाऊन साखरच होते. म्हणालो, उपवासाला चालतो. तिने फोन ठेवला.

३१ ऑगस्ट
गणपतीत मोदक मोजायचे नसतात.

११ सप्टेंबर, पितृपक्ष
श्राद्धाचं जेवण. खीर, वडे, भाताची मूद. यजमानाने डोळ्यांत पाणी आणून आग्रह केला. वडिलांना खीर फार आवडायची म्हणाला, शेवटी पथ्यामुळे देता आली नाही. वडील कशाने गेले, विचारलं नाही. खीर घेतली.
घरी आलो तर बाबा पलंगावर बसून पायाची पट्टी बदलत होते. अंगठ्याच्या जागी बघायचं मी टाळतो. बाबा म्हणाले, खीर होती का? म्हणालो, होती, पण मी घेतली नाही. बाबा म्हणाले, मीपण तुझ्या आईला हेच सांगायचो.

१२ सप्टेंबर
आजपासून खरंच. मोबाईलवरही लिहून ठेवलं.

२० सप्टेंबर
खर्ड्याला गेलो. काम नव्हतं. किल्ल्याचा तट चढला की व्यायाम होतो असं डोक्यात आलं. तीन तास बाईक. किल्ल्यात एकजण ड्रोन उडवत होता, त्याच्याशी बोलत बसलो. धंदा चांगला वाटतो. ड्रोन शिकावा का? मांडी घालावी लागत नाही, प्रसादही नाही. चढायचं राहिलं.

११ ऑक्टोबर
परवा रक्त द्यायचं. आज आणि उद्या काहीही खाणार नाही. नुसतं पाणी. रिपोर्ट चोख येणार. हे आधीच सुचलं असतं तर तीन महिने उगाच त्रास करून घेतला नसता.

१३ ऑक्टोबर
रक्त दिलं. चक्कर आली. भार्गवीने खुर्चीत बसवलं. दोन दिवसांचं सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाली, यज्ञ्या, या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी निघते, हे जुलैमध्येच सांगितलं होतं ना! तेव्हाही तू माशाकडे बघत होतास.
पेटीत आता मासा नाही.
जाताना म्हणाली, बुधवारी नव्या दवाखान्याची पूजा आहे, सासूबाईंचा हट्ट. तूच ये, रिपोर्टही तेव्हाच देते.

१५ ऑक्टोबर, बुधवार
पूजा सांगितली. प्रसादाचा अध्याय आला तेव्हा आवाज जरा बारीक केला. भार्गवी रिपोर्ट हातात घेऊन उभी. सासूबाई शिऱ्याची ताटली घेऊन आल्या. भार्गवी म्हणाली, आई, त्याला नको. सासूबाई म्हणाल्या, अगं, गुरुजीच उपाशी गेले तर दवाखाना चालेल का? सगळे भार्गवीकडे बघायला लागले. भार्गवी जमिनीकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, चमचाभर घे.
तिनेही घेतला. मला तिची दया आली.
६.६. म्हणाली, आठ दिवसांनी पुन्हा तपासू. तोच आकडा आला तर गोळ्या सुरू. अजूनही मागे आणता येईल, पण तुला कोण आणणार?
यावर मी म्हणालो, शिऱ्यात वेलदोडा छान होता.

१६ ऑक्टोबर
बाबांना आकडा सांगितला नाही. रात्री फोनवर ताईला सांगितला होता, तिने सांगितला असावा. सकाळी माझ्या पूजेच्या पिशवीत त्यांची जुनी गोळ्यांची डबी होती, सात वारांचे सात कप्पे, पुसून कोरडी केलेली. बाबा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हते.
आठ दिवसांत अजून काहीही होऊ शकतं. तोवर डबी रिकामी कशाला ठेवायची? नवग्रहांच्या सुपाऱ्या ठेवून पाहिल्या.
सातच मावल्या.