चौकटीचा रंग

३ फेब्रुवारी, मंगळवार
यांचा डावा डोळा गेला तो गेलाच. डॉक्टरीणबाईंनी आज तपासून पक्कं सांगितलं. उजवा औषधाने टिकेल. पण जरा जरी अंधुक वाटलं तरी त्याच दिवशी या — एकेक दिवस मोलाचा आहे, म्हणाल्या.

आणखी एक. यांच्या खोलीची भिंत फिकी आणि दाराची चौकट गडद ठेवा. फरक ठळक असला की दार सापडतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली. आता माझ्याच खोलीत असले दोन रंग! घर आहे की सर्कस?"

हसलो दोघं. मी जरा जास्तच.

४ फेब्रुवारी, बुधवार
भिंत फिक्या मोतिया रंगाची आहे, तशीच राहील. चौकटीवर दोन पट्टे ओढले — डावीकडे विटकरी, उजवीकडे गडद निळा. मला विटकरी आवडला. ऊबदार आहे. निळा म्हणजे सरकारी कचेरीचं कपाट!

"विटकरी की निळा, कुठला हो?"

"ओल्या रंगावर मत देऊ नये. वाळू दे."

खरंच आहे. गिऱ्हाइकांनाही असंच थांबवायचे.

५ फेब्रुवारी
वाळला. "अजून एक दिवस जाऊ दे."

७ फेब्रुवारी, शनिवार
आज मी चिडलेच. "अहो, रंग निवडायचाय, जावई नव्हे!"

हे खुर्चीतून न उठता म्हणाले, "निळा. विटकरी मोतियाजवळ मिळमिळीत दिसतो. निळा कसा उठून दिसतो!"

"उजव्याने नीट दिसतंय ना?"

"लख्ख!"

किती हलकं वाटलं. जेवण दोन घास जास्त गेलं.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी चौकट घासली, दोन्ही पट्टे काढले. दुपारपर्यंत रंगाआधीचं पांढरं अस्तर लावून झालं. निळ्याचा डबा अजून उघडलाही नाही.

मी हात पुसत होते. हे आले, चौकटीसमोर उभे राहिले. मान तिरकी, हात कमरेवर — काम संपल्यावर उभे राहायचे तसे.

"बघ! निळाच शोभला की नाही?"

मी "हो" म्हटलं.

दवाखाना आज बंद.

९ फेब्रुवारी, सोमवार
हे कपडे करून बसलेत. नेहमीची तपासणी, असं सांगितलंय. नऊला नंबर. डॉक्टरीणबाई पहिलं हेच विचारणार — कधीपासून?