तुमचं माझ्यापेक्षा जास्त गेलं होतं

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला नीट आठवत नाही. हात मात्र आठवतो. दिवेलागणीच्या वेळी तुम्ही ओसरीवर खांबाला टेकून बसायचे आणि तिथून हलायचे नाहीत. शेतातून ऊन असतानाच परत यायचे, पाय धुवायचे, मग बसल्या जागेवरून अख्ख्या घराला पळवायचे. "पानी आन. अडकित्ता आन. बैलाले कडबा टाकला काय, पाहून ये." गाव म्हणायचं, मोठा माणूस आहे, जागचा उठत नाही. मलाही तो तुमचा रुबाबच वाटायचा. मी नऊ-दहा वर्षांची. अंधारात चाचपडत गोठ्यापर्यंत जायची, कधी उंबऱ्याला ठेचाळायची, कधी वखराला, तांब्या सांडायचा. "इकडं ये," तुम्ही म्हणायचे. मारायलासुद्धा तुम्ही मला जवळ बोलवायचे, त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. "डोये फुटले काय तुये? लक्ष कुठं असते?" रात्री सगळ्यांनाच एवढंच दिसत असणार, मीच धांदरट, अशी माझी समजूत. आई तेल लावताना विचारायची तर मी तिलाही तेच सांगायची, माझंच लक्ष नव्हतं.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी संध्याकाळी मी चुलीसमोर ओढलेल्या निखाऱ्यात पाय दिला. आईनं हट्टच धरला, म्हणून पाय बरा झाल्यावर तुम्ही मला मोटारीनं यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, काळे पडदे लावलेल्या खोलीत दिवा धरून बराच वेळ आत पाहिलं. मग एक डोळा झाकून समोरच्या ठिपक्याकडे पाहायला सांगितलं आणि काळ्या काठीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी कडेनं हळूहळू आत आणू लागले. दिसला की हो म्हणायचं. मणी बराच आत आला तेव्हा मी हो म्हटलं. सगळ्या बाजूंनी तसंच करून झाल्यावर ते तुम्हाला म्हणाले, "हिच्या नजरेच्या कडा जायला लागल्यात. मधलं अजून शाबूत आहे, दिवसा वाचेल, लिहील. पण अंधार पडला की हिला दिसत नाही, तेव्हा हिला सांभाळा. हे रक्तातून येतं. घरात आणखी कुणाला आहे?"

"कोनालेच नाही," तुम्ही म्हणालात.

डॉक्टरांनी बाजूचं स्टूल पायानं तुमच्याकडे सरकवलं. तुम्ही निघायला वळलात आणि थेट त्याच्यावर आदळलात. तुमचा दंड धरून त्यांनी तुम्हाला माझ्या जागी बसवलं आणि काठी उचलली. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. मणी आत आला, आणखी आत आला, पार ठिपक्याला टेकायला आला, तरी तुम्ही गप्पच. काठी खाली ठेवून डॉक्टर म्हणाले, "तुमचं हिच्यापेक्षा पुष्कळ जास्त गेलं आहे. कधीपासून?"

"लहानपनापासून," तुम्ही मान खाली घालून म्हणालात.

परतीच्या मोटारीत तुम्ही एवढंच बोललात, "हे कोनाले सांगाचं नाही. तुह्या मायलेही नाही. उजवाचं हाय तुले." मला राग आला नव्हता, बाबा. उलट हलकं वाटत होतं. मी धांदरट नाही, आणि हे आता तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणजे मार संपला. त्याच आठवड्यात अंगणात सालदार गडी बसलेला असताना मी घंगाळाला अडखळले. तुम्ही जवळ बोलावलंत आणि त्याच्यादेखत नेहमीपेक्षा जोरात मारलंत. "आंधयी हायेस काय?" त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. लोकांनी मला बेपर्वा म्हणावं, आंधळी म्हणू नये, यासाठी तो मार होता. मग मी पडत राहिले आणि तुम्ही मारत राहिलात, पुढे चांगली चार-पाच वर्षं.

महाराष्ट्र झाल्यानंतर महागावाकडचं स्थळ आलं. पाहुणे भर दुपारी यावेत आणि उजेडातच परत जावेत असा तुमचा बेत होता. त्यांची मोटार बिघडली, ते आले तेव्हा ऊन उतरलेलं होतं. तुम्ही ओसरीभर कंदील लावले, मला एका जागी बसवलंत. शेजारची चार माणसं होती. मुलाच्या आईनं बोलता बोलता मला घोटभर पाणी मागितलं.

"तिले बसू द्या," तुम्ही घाईनं म्हणालात, आणि सवयीनं आत हाक मारली, "पानी आना वं कोनी!"

आई चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "तुमीच उठून आना, बाबा."

सगळे हसले. थट्टाच वाटली त्यांना. तुम्ही हसला नाहीत.

"उठा न," मी म्हटलं. "काहून उठत नाही?"

आता कुणी हसत नव्हतं. तुम्ही उठलात. दोन पावलं बरी गेली, तिसऱ्याला कंदील लवंडला आणि तुम्ही मुलाच्या वडिलांच्या अंगावर कोसळलात. मी बसूनच सांगितलं, "मले दिवेलागनीनंतर दिसत नाही. बाबालेही नाही. डॉक्टर म्हनाले, त्यायचं माह्यापेक्षा जास्त गेलं हाय."

जाताना त्या बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलं सांगतलं, पोरी." स्थळ अर्थातच मोडलं. आई दारात उभी राहून तुमच्याकडे नुसती बघत राहिली. तुमचं तिलाही तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. तुम्ही मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत, पण माझ्या अंगाला हातही लावला नाहीत. सगळ्या गावाला माहीत झालं होतं, मारायला कारणच उरलं नव्हतं. पुढे तुमची मधली नजरही गेली, आई हाताला धरून तुम्हाला परसात न्यायची, आणि मी दारातून ते पाहायची. मला दया आली नाही. आजही येत नाही.

मी शिकले, बाभुळगावकडच्या शाळेत मास्तरीण झाले. ज्याच्याशी लग्न केलं त्याला सगळं आधी सांगितलं. मुलीचे डोळे चांगले निघाले, मुलाचे नाही. तो अंधारात पहिल्यांदा अडखळला त्या दिवशी मी त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की यात तुझी चूक नाही. दर वेळी नवा डॉक्टर विचारतो, घरात आणखी कुणाला होतं? मी सगळ्यांत आधी तुमचं नाव घेते. मोठ्यानं, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं.

माझी नजर आता नळीतून पाहावं एवढीच उरली आहे. एका वेळी एक शब्द दिसतो, तसं हे लिहिलं. हे कुठं धाडायचं नाही, वाचून कुणाला दाखवायचंही नाही. त्या संध्याकाळची गोष्ट ऐकून मुलगा म्हणतो, तू किती धीट होतीस गं. मी त्याला होकार देते. खरं म्हणजे, बाबा, ओसरीवर आपण दोघंच असतो तर माझ्या तोंडून एक शब्दही फुटला नसता.