उजवीकडची उडी

१९ ऑक्टोबर

ती. वहिनी,
नमस्कार. मी बरा आहे. बोटांचं प्लास्टर निघालं. करंगळी अजून वाकत नाही, पण मुद्रितं तपासणाऱ्याला करंगळीचं काम नसतंच.

गिर्यारोहण मंडळाने दादाच्या आठवणींची पुस्तिका तपासायला माझ्याकडेच पाठवली. छापखान्यात चोवीस वर्षं लोकांच्या चुका काढतोय, त्यामुळे हक्काचा माणूस. अध्यक्षांनी आपल्या लेखात दादाची दोनदा आणि स्वतःची अकरा वेळा आठवण काढली आहे. फोटोतही तेच पुढे. मी हात लावला नाही. दादा पोट धरून हसला असता.

तुमच्या लेखातली शेवटची ओळ मात्र खोडली आहे : ‘धाकट्या भावाने शेवटच्या क्षणापर्यंत साथ दिली.’ न विचारता खोडली, म्हणून हे पत्र.

तुम्ही तीनदा फोन करून म्हणालात, “भाऊजी, जेवायला या.” तिन्ही वेळा मी कामाचं निमित्त पुढे केलं. छापखाना महिनाभर बंद आहे, वहिनी.

त्या दोन शिखरांमधली धार तुमच्या ओट्यापेक्षा अरुंद. दोन्हीकडे हजार हजार फूट काही नाही. दोर अडकवायलाही जागा नसते. म्हणून दोघांनी एकाच दोराला बांधून घेऊन चालायचं, आणि नियम एकच : एक जण डावीकडे पडला, की दुसऱ्याने तत्काळ उजवीकडे उडी मारायची. दोर धारेवर अडकतो, दोघं वाचतात. तुमच्याकडे जेवताना यावर आम्ही किती खिदळायचो! दादा म्हणायचा, “काडी, तुला उडी मारायचे कष्टच नाहीत. मी पडलो की तू आपोआप उडशील.” आणि तुम्ही डाव आपटून म्हणायचात, “जेवताना मेलं असलं बोलू नका!”

त्या दिवशी सकाळी आधी मी घसरलो. हे कुणालाच सांगितलेलं नाही. दादा पुढे होता. माझी किंकाळी ऐकली आणि मागे वळूनही न पाहता त्याने पलीकडे उडी मारली. दोर टिकला. मी इकडे लोंबकळतोय, आणि डोंगराच्या पलीकडून त्याचा आवाज, “काडी, चष्मा शाबूत आहे ना रे?”

दोन तासांनी तो घसरला. डावीकडे.

वेळच मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. मिळाला होता. दोर चांगला पाच-सहा हात सैल होता. मी उजवीकडे पाहिलं. खाली ढग होते. आणि मी समोरच्या खडकाला मिठी मारली.

दोर कडेवर ताणला गेला, माझी बोटं त्याखाली चिरडली. मग तो एकदम हलका झाला. उडी मारली असती तरी तुटलाच असता, असं जाणकार म्हणतील. असेलही. तो तुटला तेव्हा मी खडकाला बिलगून होतो, एवढंच मला माहीत आहे.

त्या ओळीच्या जागी काय छापायचं, ते तुम्ही ठरवा. हे वाचून पुन्हा जेवायला बोलावलंत, तर येईन. नाही बोलावलंत, तर का, हे विचारणार नाही.

आणखी एक. पडताना त्याने तुमचं नाव घेतलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते लेखात लिहिलंत, म्हणून तेही खोडावं लागलं. त्याने मलाच हाक मारली होती.

तुमचा दीर,
काडी